बारशाआधीचा आठवडा

"हालू नको हं राजा. हाललास की फोटू हालतो." पद्माक्का यंत्राच्या तोंडाशी वाकून सांगत होत्या. आतून सहा वर्षांच्या अर्हमचा आवाज आला, "मी नाही हाललो आज्जी. माझं नाक हाललं."

यंत्र चालवणारा तंत्रज्ञ हसला, मीही हसले. अर्हमची आई, अन्वी मगदूम, तेवढी हसली नाही. ती काचेला कपाळ टेकून उभी होती. मी तिची वकील. मिरजेत वकिली करायची म्हणजे निम्मे खटले दवाखान्यांचे; गावात जितके डॉक्टर, तितकी त्यांच्यावर चिडलेली माणसं. त्या चिडलेल्या माणसांच्या जिवावर माझं घर चालतं, हे मी कधी लपवलेलं नाही.

पोरगं शांत झालं ते शेवटी आज्जीमुळेच. आज्जीनं बाहेरून णमोकार मंत्र मोठ्यानं म्हणायचा आणि त्यानं आत ओठ न हलवता मनात म्हणायचा, असं दोघांचं ठरलं. पद्माक्का म्हणत राहिल्या, यंत्र गुरगुरत राहिलं आणि काम झालं. बाहेर आल्यावर अर्हमनं डाव्या हातानं शर्टाची बटणं लावली. उजवा हात खांद्यापासून लोंबत होता, तळवा मागे वळलेला, पाठीमागून कुणाकडून गुपचूप काही घ्यावं तसा.

एका हातानं बटण लावायला त्याला आज्जीनं शिकवलं होतं. भाकरी कोपराखाली दाबून एका हातानं मोडायला, दप्तर डाव्या खांद्यावर चढवायला, पडताना डाव्या कुशीवर पडायलासुद्धा. बेडगचं घर आणि दुभती म्हैस जावेच्या हवाली करून पद्माक्का मिरजेत लेकीच्या दोन खोल्यांत येऊन राहिल्या होत्या. अन्वी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला. सकाळी जाई ती संध्याकाळी येई. पोर आज्जीच्या अंगाखांद्यावर वाढलं.

"होऊ दे की वकीलबाई," पद्माक्का मला म्हणाल्या. "कुणी वढला माज्या लेकराचा हात, त्ये एकदा कळू दे सगळ्यास्नी."

त्या अगदी मनापासून म्हणाल्या. ते वाक्य मला नंतर फार छळणार होतं.

*

बाळ जन्मताना कधी कधी डोकं बाहेर येतं आणि खांदा आईच्या हाडामागे अडकतो. असं क्वचित होतं, पण झालं की डॉक्टरच्या हाती फार थोडी मिनिटं उरतात. बाळ गुदमरू लागतं. अशा वेळी डोकं एका बाजूला ओढलं गेलं, तर मान आणि खांदा यांच्यामधला भाग ताणतो. मानेतून निघणारे पाच मज्जातंतू तिथेच गोफासारखे एकमेकांत गुंफून हातात उतरतात. बहुतेक वेळा हा गोफ नुसता ताणतो आणि काही आठवड्यांत पूर्ववत होतो. क्वचित तुटतो. तुटला आणि वेळेत जोडला गेला नाही, की हात जन्मभराचा गेला.

पूर्वी अशा खटल्यांत आम्हा वकिलांना वाव होता. आमचा तज्ज्ञ म्हणायचा, डॉक्टरनं ओढलं. त्यांचा म्हणायचा, गर्भाशयाच्या कळांनीच ताणलं. दोघे छातीठोकपणे सांगायचे आणि दोघांनाही काही माहीत नसायचं. ज्याचा वकील बरा, त्याचं खरं. मग ताणलेखक नावाचं हे यंत्र आलं.

त्यामागची कल्पना सोपी आहे. मज्जातंतूवर एक वेष्टण असतं आणि मूल वाढतं तसं ते थरावर थर चढत जातं. नवजात बाळात हे काम इतक्या झपाट्यानं चालतं, की एकेका दिवसाचा थर वेगळा ओळखता येतो. तंतू ओढला गेला, की त्या दिवशीच्या थरातले सूक्ष्म धागे ओढीच्या दिशेनं कलतात. वर दुसऱ्या दिवशीचा थर चढतो आणि तो कल आत गाडला जातो, कायमचा. दर दिवाळीला रंग दिलेली जुनी भिंत खरवडली, तर तडा कुठल्या साली गेला ते सांगता येतं, हे तसंच. फक्त इथे खरवडावं लागत नाही. यंत्र बाहेरूनच थर मोजतं, धाग्यांचा कल पाहतं आणि सांगतं, ओढ कधी बसली, किती जोराची होती आणि कुठून कुठे.

या यंत्राचा पहिला उपयोग झाला तो घरात मार खाणाऱ्या मुलांना. बापानं पिरगाळलेला हात, हिसडलेला खांदा, 'खेळताना पडला' म्हणून सांगितलेलं सगळं उघडं पडलं. लोक इतके हादरले, की वर्षभरात बाल-इजा कायदा आला. ज्याच्या ओढीनं मुलाचा तंतू तुटला असं यंत्राच्या वाचनात ठरेल, त्यानं मूल सज्ञान होईपर्यंत त्याच्या घरात राहायचं नाही, त्याला भेटायचं नाही, फोनसुद्धा करायचा नाही. धरणारा, सांगणारा आणि बघत बसणारा, तिघांनाही तोच नियम. हेतू काय होता हे विचारायचं नाही, कारण हेतूच्या आड लपूनच आजवर सगळे सुटले होते. कायद्याला कुणी विरोध केला नाही. मी तर टाळ्या वाजवल्या.

अन्वीची तक्रार डॉ. गिरिजा शिरगुप्पींविरुद्ध होती. पहिलं बाळंतपण म्हणून अन्वी माहेरी आली होती आणि मिरजेत डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात बाळंत झाली. खांदा अडकला. डॉक्टरीणबाईंनी बाळ जिवंत बाहेर काढलं, पण उजवा हात उठेना. बारशाला सासरची माणसं आली. पाळण्यातल्या बाळानं डावी मूठ हवेत उडवली आणि उजवा हात तसाच पडून राहिला. सासू म्हणाली, "आमच्यात असं कुणाला नाही." त्यानंतर न्यायला कुणी आलंच नाही. नवऱ्याचे फोन आधी आठवड्याला, मग सणाला, मग बंद. अन्वीच्या आयुष्यात जे काही मोडलं ते सगळं त्या लोंबत्या हाताशी येऊन थांबत होतं, आणि तो हात डॉक्टरीणबाईंपाशी.

"मला दुसरं काही नको," ती म्हणायची. "त्यांनी माझ्यासमोर कबूल करावं. यंत्र खोटं बोलत नाही, वकीलबाई. मी रोज यंत्रांवरच काम करते."

डॉ. शिरगुप्पींनी तक्रार आल्या दिवसापासून बाळंतपणं बंद केली होती. दवाखान्याच्या जागेवर आता चष्म्याचं दुकान होतं.

*

वाचन दोन्ही पक्षांसमोर उघडायचं असा नियम आहे. आधी कुणाला काही कळत नाही. ग्राहक आयोगाच्या खोलीत एका बाजूला अन्वी, पद्माक्का आणि मी. दुसऱ्या बाजूला डॉ. शिरगुप्पी एकट्याच. समोर आयोगाचे सदस्य आणि पडदा. अर्हम काचेच्या दाराबाहेर शिपायापाशी पाटीवर चित्रं काढत बसला होता, मधून मधून आत डोकावत.

यंत्राचा आवाज मराठी बोलतो, पण ते धुऊन इस्त्री केलेलं मराठी. मिरजेत तसं कुणी बोलत नाही.

"पहिला ताण जन्माच्या वेळचा. ओढ बाजूला आणि खाली. तंतू ताणला गेला, तुटला नाही. पुढच्या थरांमध्ये तो भरून येत असल्याचे दिसते."

अन्वीनं माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडेच बघत राहिले. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"दुसरा ताण जन्मानंतर सुमारे आठवड्याने. ओढ छातीवरून आडवी, नंतर वर. पुढच्या दिवशी पुन्हा. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा, अधिक जोराने. भरत आलेला तंतू या काळात तुटला. बाराव्या दिवसानंतर ओढ आढळत नाही."

पडद्यावर एक राखाडी बाळ उताणं दिसलं आणि दोन राखाडी हात. एका हातानं बाळाचं मनगट धरलं, छातीवरून पलीकडे नेलं, मग वर ताणलं. पुन्हा पलीकडे, पुन्हा वर. त्यात राग नव्हता, घाई नव्हती. एक लय होती.

आणि माझ्या शेजारी, मांडीवर ठेवलेले पद्माक्कांचे हात हलले. आडवे गेले, वर झाले. पडद्यावरच्या हातांच्या अगदी बरोबरीनं. त्यांचं त्यांना कळलंही नसावं. खोलीतल्या प्रत्येकानं ते पाहिलं.

सदस्यांनी चष्मा काढला. "बाळाला न्हाऊमाखू कोण घालत होतं?"

"मी," पद्माक्का म्हणाल्या. "मी घालत हुते."

"बाळ इतक्या जोराच्या ओढीनं सरकलं नाही. दुसऱ्या बाजूनं कुणीतरी धरलेलं असणार. कुणी धरलं होतं?"

मग पद्माक्का म्हणाल्या, "कुणी न्हाई. मी पायावर घिऊन न्हाऊ घालते. माज्याच घोट्यांत त्याचं पाय धरती."

डॉ. शिरगुप्पी आता सरळ बसल्या होत्या. सुटका झालेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. त्या कळवळून म्हणाल्या, "पण मी सांगितलं होतं हो! घरी सोडताना खोलीत येऊन सांगितलं होतं. तीन आठवडे हात झबल्याच्या आत छातीशी बांधून ठेवा, तेल लावू नका, ओढू नका. हात परत येणार होता!"

लेखी काही नव्हतं. त्या दवाखान्यात सगळं तोंडीच चालायचं.

"मला?" अन्वी म्हणाली. "मला नाही सांगितलं. आईला सांगितलं असेल."

पद्माक्कांनी लेकीकडे पाहिलं. फार वेळ नाही. दारातून कुणी गेलं तर आपण बघतो तेवढंच.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मलाच सांगितलं हुतं. माज्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं. त्यांची नजर आईवरून लेकीवर गेली, पुन्हा आईवर आली. मग त्या हळूच म्हणाल्या, "असेल. मला आता नक्की आठवत नाही." घरी सोडलं त्या दिवसाचं एकूण एक मिनिट आपल्याला आठवतं, हे त्यांनी मला बाहेर पडताना सांगितलं. दवाखान्याच्या त्या खोलीत तेव्हा आज्जी नव्हती. आज्जी रिक्षा आणायला खाली गेली होती.

आयोगानं डॉक्टरांना मोकळं केलं. आणि इजाकर्ती म्हणून, कायद्याप्रमाणे, पद्मावती चौगुले यांचं नाव लागलं.

*

मी पद्माक्कांना आयोगाच्या आवारातल्या चहाच्या टपरीवर गाठलं. त्यांनी कप हातात घेतला होता, पण पीत नव्हत्या.

"तुम्ही खोटं बोललात," मी म्हणाले.

"तुमी अन्वीच्या वकील न्हवं?"

"हो."

"मग आसू द्या की."

मी गेले नाही. माझ्या धंद्यात गप्प उभं राहिलं की माणसं बोलतात, एवढं एक मी शिकले आहे. थोड्या वेळानं त्याच बोलायला लागल्या, चहाकडे बघत.

"आमच्या गल्लीतली सगळी पोरं मी न्हाऊ घातल्याती, बाई. एकाला कदी इजा न्हाई. त्या दिवशी सांजंला अन्वीनंच सांगितलं, डॉक्टरीन म्हंती हात बांधून ठिवा. मी म्हटलं, ठिवू की. पन ती म्हनली, आई, बारशाला सगळी येनार, बांधल्याला हात बघून सासूबाई काय म्हंतील? इतक्या पोरांची अंगं सोडवलीस, ह्याचा हात बारशापातुर उचलून दे. मी म्हटलं, नको बाई. तर रडाय लागली. बाळंतीन रडली की दूध आटतंय. आन् मलाबी वाटलं, आखडलाय, चोळला की सुटंल. पैल्या दिवशी सुटला न्हाई. मग जरा जोरात." त्यांनी कप खाली ठेवला. "पोरगं वळवळायचं. ती पाय धरून बसायची."

मी टपरीच्या बाकावर बसले.

"तिला हे आठवतंय?"

"न्हाई. न्हाऊ घातल्यालं कुनाला आठवतंय? त्यात काय पाप हुतं का आठवायला? आन् डॉक्टरनीचं म्हननं तिनं इसरून टाकलं. आठवलं आसतं तर ती जगली नसती."

"पद्माक्का, हे सगळं सांगितलं तर दोष वाटला जाईल. सासरच्यांचं दडपण होतं, तुम्ही नको म्हणाला होता…" मी बोलले खरी, पण कायद्यात काय लिहिलंय ते मला पाठ होतं. धरणारा. सांगणारा. हेतू विचारायचा नाही.

"आन् मग तिचंबी नाव लागलं तर?" पद्माक्का म्हणाल्या. "पोर कुनाकडं जाईल? बापाकडं? ज्यानं सहा वरसं त्वांड बघितलं न्हाई त्याच्याकडं? का सरकारी आश्रमात?" त्या माझ्याकडे वळल्या. "एक दोषी ऱ्हायली तर पोराला दुसरी तरी मिळंल. म्हातारीचं काय, आज हाय उद्या न्हाई. पोराला आई पायजे, बाई."

अन्वी माझी अशील होती आणि अशिलाच्या विरुद्ध जाणारं सत्य बाहेर काढणं हे वकिलाचं काम नव्हे. मी नियमाच्या आड लपले. मला तेवढाच आडोसा होता.

*

घर सोडायला पद्माक्कांना आठवडाभर मिळाला होता. त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाल्या. आयोगाचा माणूस दारात होता आणि अन्वीच्या वतीनं मी. एका पिशवीत त्यांची लुगडी, दुसरीत काहीच नाही. ती सवयीनं घेतली असावी.

अन्वी रात्रभर झोपलेली दिसत नव्हती. "सहा वर्षं," ती आईला म्हणाली. "सहा वर्षं मी त्या बाईला शाप देत राहिले, तिचा दवाखाना बंद पाडला, आणि तू शेजारी बसून भाकऱ्या थापत होतीस. तुला एकदाही वाटलं नाही? तुझे हात कसे चालत होते गं?"

"चुकलं माजं," पद्माक्का म्हणाल्या.

"चुकलं? माझ्या पोराला पुन्हा हात लावायचा नाही. कायदा असो नसो."

अर्हम चप्पल घालून तयार होता. आज्जी बेडगला निघाली म्हणजे आपणही निघालो, असं त्यानं गृहीत धरलं होतं. तो पुढे धावला आणि डावा हात वर केला. त्याला उचलून घ्यायचं असलं की तो असाच एक हात वर करी.

पद्माक्कांनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि आत घट्ट धरून ठेवले. "आईकडं ऱ्हा राजा," एवढं बोलून त्या वळल्या. मागून अर्हम ओरडत राहिला. अन्वीनं त्याला कमरेत धरलं होतं. जिना उतरताना पद्माक्का कठड्याला धरत नव्हत्या. त्यांचे हात अजून पदराखालीच होते.

*

पावसाळा सरला आणि एक दिवस अन्वी माझ्या कार्यालयात आली. आधी कळवलं नव्हतं. ती इतकी वाळली होती, की मी तिला आधी बसायला सांगितलं आणि मग ओळखलं. अर्हमला तिनं बाहेर बाकावर बसवलं होतं.

"वकीलबाई, परवा त्याला आंघोळ घालत होते," ती म्हणाली. "आता मीच घालते ना. साबणानं तो घसरला. मी पटकन त्याचे पाय धरले. दोन्ही घोटे, असे." तिनं टेबलावर दोन्ही मुठी आवळून दाखवल्या. "आणि माझ्या हातांना…"

मी उठले आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. अक्षरशः ठेवला. वकिलाच्या खोलीत बोललेला शब्दन् शब्द आपोआप टिपला जातो. हल्ली तशी सक्तीच आहे. माझ्या टेबलाच्या कडेला तो बारीक हिरवा दिवा जळत होता. मी तिला बोटानं तो दाखवला.

तिनं दिव्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझा हात अजून तिच्या तोंडावर होता आणि मी का गप्प करते आहे हे तिला कळत गेलं; मला हे आधीपासून माहीत आहे, हेही कळलं. आणि मग आई काय बोलली होती, का बोलली होती, दारात 'चुकलं माजं' म्हणाली ते कुणाचं चुकलेलं, हे सगळं तिच्या डोळ्यांत एकामागून एक येत गेलं. तिचा श्वास माझ्या तळव्यावर गरम लागत होता. ती किंचाळली असती तर बरं झालं असतं.

"बेडगला जाऊ नका," मी कागदावर लिहिलं. "फोन करू नका. ज्या गोष्टीची नोंद नाही ती गोष्ट घडलेली नाही. तुम्हाला मूल सांभाळायचंय." मी काय लिहीत होते ते माझं मलाच बघवत नव्हतं. तिला रडायचीसुद्धा सोय मी ठेवली नाही, कारण का रडलात असं कुणीतरी विचारलंच असतं.

तिनं मान हलवली. पदर नव्हता, म्हणून ओढणीनं तोंड पुसलं आणि उठली. मी दार उघडलं.

बाकावर अर्हम आमच्याकडे पाठ करून बसला होता. डाव्या हातानं त्यानं उजवं मनगट धरलं होतं. तो ते छातीवरून पलीकडे नेत होता आणि मग वर ताणत होता. पुन्हा पलीकडे, पुन्हा वर. दुखत असावं, कारण दात आवळलेले होते.

"अर्हम!" अन्वी म्हणाली. "काय करतोयस?"

"रोज करतो," तो न थांबता म्हणाला. "हात बरा झाला की आज्जीला परत येऊ देतील."